डाव खेळाडूंचा, आसन सभेचे

बुद्धिबळाइतका न्याय्य खेळ दुसरा नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन्ही बाजूंस सोळा-सोळा मोहरे, चौसष्ट घरे दोघांसही सारखीच; फासा नाही, झाकलेली पाने नाहीत, अंगबळाचा फरक नाही. समोर राजपुत्र बसला आहे की कारकुनाचा मुलगा, हे घोड्याला किंवा उंटाला ठाऊक नसते. ही स्तुती खरी आहे. परंतु ती पटाच्या चार कडांपर्यंतच खरी आहे. पट ज्या मेजावर मांडला जातो ते मेज, मेज ज्या सभागृहात असते ते सभागृह, आणि त्या सभागृहात कोणी बसावे, कोणी शिकवावे, कोणी पंच व्हावे हे जी संस्था ठरविते ती संस्था, यांच्याविषयी असे काहीच म्हणता येत नाही. तेथे माणसे असतात, आणि माणसांबरोबर लोभ, सत्ता, भीड व भय ही सारीच येतात. खेळाडूने, प्रशिक्षकाने किंवा अधिकाऱ्याने गैरवर्तन केले, कोणाचा छळ केला, तर खेळाचे नियमन करणाऱ्या संस्थेचा धर्म काय, हा प्रश्न म्हणूनच पटावरचा नसून सभेचा आहे. आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न दूरच्या देशांतला आहे असे समजण्याचे कारण नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाईक आन झे येथील प्रसिद्ध स्पर्धेत नागपूरची दिव्या देशमुख खेळली. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. स्पर्धा आटोपल्यावर तिने जाहीरपणे लिहिले की, आपल्या डावांविषयी बोलण्याऐवजी प्रेक्षक आपले कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांचीच चर्चा करीत राहिले. तिची तक्रार पराभवाची नव्हती. डाव पाहावयास आलेल्या माणसांनी डाव सोडून खेळणारीकडेच पाहत राहावे, याची होती. पुढे जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपीस हरवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. आता तिच्या नावाचा गौरव सर्वत्र होतो. परंतु तिचे म्हणणे खरे ठरण्यासाठी तिला विश्वचषक जिंकावा लागला असेल, तर ज्या मुली तो कधीच जिंकणार नाहीत त्यांच्या म्हणण्याचे काय? न्याय मिळण्यासाठी आधी कीर्ती मिळवावी लागणे, हाच मुळी अन्याय होय.

याच्या जवळजवळ अर्धशतक आधीचे उदाहरण मुंबईचे आहे. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. त्याआधी एकही भारतीय स्त्री त्या स्पर्धेत खेळलेली नव्हती. यावर गदारोळ उठला, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. माक्स एव्ह यांनी, स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. त्या मुलीने त्या स्पर्धेत जे काही सिद्ध करावयाचे ते पटावर केलेच. पण ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. तिच्या वाटेत आडवे आले ते समोरचे प्यादे नव्हे, तर सभा. आणि वाट मोकळी झाली तीही सभेच्याच निर्णयाने. संस्था काही करू शकत नाही, असे जेव्हा जेव्हा सांगितले जाते तेव्हा हे उदाहरण आठवावे. आसन नाकारण्याचे सामर्थ्य जिच्याजवळ आहे, तिच्याजवळ आसन सुरक्षित राखण्याचे सामर्थ्यही असलेच पाहिजे.

रोहिणी, जयश्री व वासंती या तिन्ही खाडिलकर भगिनी ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या कन्या, आणि नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या कुळातल्या. नाट्याचार्यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या काळच्या प्रेक्षकांनी त्यात परकी सत्ता पाहिली, आणि ते योग्यच होते. आज मूळ विराटपर्वातला प्रसंग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पुन्हा वाचावा, असे आम्हांस वाटते. त्यात सभेच्या धर्माचा सारा विचार एकवटलेला आहे.

सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदी कीचकाच्या हातून सुटून विराटाच्या सभेत धावत येते. कीचक तिच्या पाठोपाठ येतो आणि राजाच्या डोळ्यांदेखत तिला लाथ मारतो. ती न्याय मागते. विराट काय उत्तर देतो? तुम्हां दोघांमधले भांडण माझ्या पाठीमागे झालेले आहे, खरे काय ते जाणल्याशिवाय मी काय न्याय करू, असे तो म्हणतो. आणि कंकाच्या वेषातील युधिष्ठिर तिला सांगतो की, तू येथे रडत राहून मत्स्यांच्या द्यूतात व्यत्यय आणते आहेस. युधिष्ठिराजवळ कारण होते. अज्ञातवास उघड होण्याचे भय होते. विराटाजवळही कारण होते. कीचक राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती, त्याच्या बळावर मत्स्यदेश उभा होता. सुज्ञ वाचकांनी ही दोन उत्तरे क्षणभर बाजूस ठेवून आजच्या कोणत्याही क्रीडासंस्थेकडे पाहावे. ‘आमच्यासमोर पुरावा नाही’ आणि ‘स्पर्धा चालू आहे, आता हा विषय नको’, ही तीच दोन उत्तरे आहेत. विराटाचे पाप त्याला खरे ठाऊक नव्हते हे नव्हे. खरे जाणून घेण्याचे सामर्थ्य असूनही त्याने ते जाणून घेतले नाही, हे त्याचे पाप.

याच कथेचा पुढचा भाग आपण बहुधा निराळ्या भावनेने वाचतो. सभेत न्याय न मिळाल्यामुळे द्रौपदी रात्री भीमाकडे गेली, आणि नर्तनशाळेच्या अंधारात कीचकाचा वध झाला. आपल्या मनाला त्याने समाधान होते. पण तेथेच प्रकरण संपले नाही. कीचकाच्या भावांनी द्रौपदीस बांधून स्मशानाकडे नेले, आणि पुन्हा संहार झाला. वकिलाच्या दृष्टीने पाहता या साऱ्या प्रकरणात कोठेच निवाडा झाला नाही. तक्रार करणारीस न्याय मिळाला नाही, सूड मिळाला. आणि आरोपीस सुनावणी मिळाली नाही, मृत्यू मिळाला. सभा गप्प राहिली म्हणजे प्रकरण शांत होत नाही. ते अंधारात जाते. संस्थेचे मौन पीडितेवर तर अन्याय करतेच, पण ज्याच्यावर आरोप झाला त्याच्यावरही करते, एवढेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे. पुढचे सारे त्याचाच विस्तार आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो प्रामाणिक आहे आणि बुद्धिमान माणसेही तो घेतात. ते म्हणतात, खेळाचा आणि शीलाचा संबंध काय? चाल बरोबर असेल तर ती कोणीही खेळो, बरोबरच. दुर्वर्तनी माणसाने रचलेला सुंदर डाव सुंदरच राहतो. मग संस्थेने डाव पाहावेत, माणसाचे चारित्र्य न्यायालयांवर सोपवावे. यातला पहिला भाग आम्हांस मान्य आहे. चाल बुद्धीची असते आणि तिला कोणी रद्द करू शकत नाही. कोणा बंदी घातलेल्या खेळाडूचे जुने डाव पुस्तकांतून फाडून टाकावेत, असे कोणी म्हणत नाही. परंतु निमंत्रण, पदवी, प्रशिक्षकाचा दाखला, पंचाचा अधिकार, निवासी शिबिरात मुलांबरोबर राहण्याची परवानगी ही काही बुद्धीची फळे नव्हेत. ती सभेची देणी आहेत. डाव खेळाडूंचा असतो, आसन सभेचे असते. आणि जे आपण देतो त्याचा उपयोग कोणी कसा करतो याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

आपल्या देवस्थानांच्या व्यवहारातून हे सहज समजेल. पालखीस खांदा देण्याचा मान, उत्सवातले यजमानपण, देवस्थानच्या समितीतले स्थान ही समाजाने दिलेली असतात. एखाद्या मानकऱ्याने उत्सवात स्त्रीची छेड काढली, तर त्याचा मान थांबविताना त्याच्या भक्तीविषयी कोणी निवाडा करीत नाही. तो देवाला नमस्कार करावयास मोकळा आहे. पालखी मात्र त्याच्या खांद्यावर असणार नाही. भक्ती त्याची स्वतःची आहे, मान समाजाचा आहे. बुद्धिबळातही तोच भेद पाळला म्हणजे हा आक्षेप उरत नाही. फौजदारी न्यायालय माणसाचे स्वातंत्र्य काढून घेते, म्हणून तेथे संशयाला जागा उरता कामा नये. संस्था केवळ आपण दिलेले आसन काही काळ किंवा कायमचे परत घेते. तिला न्यायालयाच्या निकालापर्यंत हातांवर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. अर्थात आसन जितके मोठे आणि शिक्षा जितकी दीर्घ, तितका पुरावाही भक्कम हवा, हे ओघानेच आले.

आता जगातील अलीकडचा व्यवहार पाहू. जागतिक महासंघाची, म्हणजे फिडेची, स्थापना २० जुलै १९२४ रोजी पॅरिस येथे झाली, आणि ‘आपण सारे एक कुळ’ या अर्थाचे लॅटिन ब्रीद तिने धारण केले. या महासंघाचा एक स्वतंत्र नीती व शिस्त आयोग आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. ग्रँडमास्टर सर्गेई कार्याकिन यांनी त्याचे जाहीर समर्थन केले, तेव्हा महिनाभराच्या आत, २१ मार्च रोजी, या आयोगाने त्यांच्यावर सहा महिन्यांची बंदी घातली. तो निर्णय बरोबर की चूक, हा निराळा विषय. संस्थेस मनात आणल्यास किती त्वरेने चालता येते, एवढे त्यावरून कळते. याच्या उलट, लाटव्हियातील एका खेळाडूकडून स्त्री-खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलींनाही, टपालाने अश्लील पत्रे येत असल्याचे प्रकरण २०२३ साली जाहीर झाले, तेव्हा ती पत्रे कित्येक वर्षांपासून येत होती असे निष्पन्न झाले. आयोगाने त्या खेळाडूवर अनेक वर्षांची बंदी घातली खरी. पण तोपर्यंतच्या वर्षांत ज्या मुलींनी ती पाकिटे उघडली, त्यांनी कोणाकडे जावयाचे होते?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्समधील चौदा स्त्री-खेळाडूंनी, बुद्धिबळाच्या जगात होणाऱ्या छळाविषयी एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले आणि लवकरच शंभरांहून अधिक जणींनी त्यावर सह्या केल्या. अमेरिकेतही २०२३ साली दोन वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळविलेल्या जेनिफर शहादे यांनी एका नामांकित प्रशिक्षकाविरुद्ध उघड आरोप केले. संबंधित संस्थांना याची कल्पना आधीच देण्यात आली होती, असेही त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर आणखी स्त्रिया पुढे आल्या. या आरोपांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस क्रम तेवढा दाखवावयाचा आहे. आधी संस्थेकडे खाजगी तक्रार. मग दीर्घ काळ शांतता. मग जाहीर वाच्यता. आणि मग धावपळ. संस्थेचे स्वतःचे नाव संकटात आले म्हणजे तिचे पाय चालू लागतात. मुलीची लाज, मुलीचा खेळ, मुलीची झोप संकटात असते तेव्हा मात्र त्याच पायांना जडत्व येते. यास दुष्टपणा म्हणावयाचे कारण नाही. बहुतेक संस्थांत माणसे भली असतात. आपण संस्था वाचवीत आहोत असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. युधिष्ठिरही भलाच होता. प्रत्येक संस्थेजवळ आपापला एक अज्ञातवास असतो.

परंतु आरोप म्हणजेच अपराध असे मानण्याचा दोषही याच खेळाने नुकताच अनुभवला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुइस येथे मॅग्नस कार्लसन हान्स नीमन यांच्याकडून हरल्यावर स्पर्धा सोडून गेले, आणि लबाडीच्या संशयाचे जगभर पीक आले. नीमन यांनी लहान वयात संगणकावरील डावांत लबाडी केल्याची कबुली दिली होती. परंतु प्रत्यक्ष पटावर तसे केल्याचा पुरावा पुढे आला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने योग्य कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसन यांस दहा हजार युरो दंड केला. अन्य आरोपांतून ते मुक्त झाले. निकाल संतुलित होता. पण त्यास पंधरा महिने लागले, आणि तेवढ्या काळात एका तरुणाच्या नावाविषयी जगाने हवे ते बोलून घेतले.

माजी विश्वविजेते व्लादिमिर क्रामनिक यांनी अनेक खेळाडूंविषयी जाहीर संशय वारंवार व्यक्त केला. त्यांपैकी एक, अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की, ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांचा मृत्यू आणि हे संशय यांचा संबंध जोडण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि तो कोणी घाईने जोडूही नये. परंतु हे सारे घडून गेल्यानंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, फिडेने क्रामनिक यांच्याविरुद्ध आयोगाकडे रीतसर तक्रार दाखल केली, ही तारीख बोलकी आहे. जाहीर संशय हाही छळाचाच एक प्रकार होऊ शकतो. ज्याला संशय आहे त्याने तो योग्य ठिकाणी, पुराव्यासह मांडावा. आणि तसे ठिकाण संस्थेने वेळीच उपलब्ध ठेवावे. ते नसले म्हणजे प्रत्येक जण स्वतःच वादी, न्यायाधीश आणि दवंडीवाला होतो. हीच आजची नर्तनशाळा.

म्हणून पीडितेची कड घेणे आणि आरोपीस सुनावणी देणे या दोन परस्परविरुद्ध गोष्टी आहेत, हे मत आम्हांस चुकीचे वाटते. दोघांचाही आश्रय एकच आहे: आधीपासून ठाऊक असलेला नियम, निःपक्ष मंडळ, आणि ठरलेली मुदत. ‘कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये’ आणि ‘दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करू नये’ ही नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे आहेत. पहिले तत्त्व बहुधा तक्रार करणारीचे रक्षण करते, दुसरे आरोपीचे. एक ठेवून दुसरे काढता येत नाही.

आपल्या देशात याविषयी कायद्याची उणीव आहे, असेही म्हणता येणार नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. या अधिनियमात ‘कामाचे ठिकाण’ या संज्ञेत क्रीडासंस्था, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचे स्थळ यांचा स्पष्ट समावेश आहे, ही गोष्ट पुष्कळ पालकांस व संघटकांस ठाऊक नसते. तक्रार करणारी स्त्री तेथे नोकरीस असलीच पाहिजे असे नाही, आणि तिचे वय काहीही असो. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते, आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावयाची असते. जेथे दहांपेक्षा कमी कर्मचारी आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असेही हा कायदा सांगतो; आणि जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीस शिक्षाही सांगतो. मूल अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या अधिनियमानुसार लैंगिक अपराधाची माहिती पोलिसांस देणे हे माहीत असणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडविली तर तो स्वतः शिक्षेस पात्र होतो. ‘आपसांत मिटवू’ हे शब्द तेथे उच्चारताच येत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर कुस्तीगीर स्त्रियांना धरणे धरावे लागले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम संमत केला. त्यात क्रीडामंडळ, क्रीडा न्यायाधिकरण आणि सुरक्षित क्रीडेचे धोरण यांची तरतूद आहे. उणीव कायद्याची नसून, तो सभेच्या दारापर्यंत पोहोचण्याची आहे.

ही उणीव लहान गावात अधिक जाणवते. आम्ही हे सरदारपुरातून लिहीत आहो. धार जिल्ह्यातले हे महीकाठचे तालुक्याचे गाव. पवारांच्या धार-देवास संस्थानांमुळे या माळव्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि दिवाणखान्यातला बुद्धिबळाचा पटही त्यांच्याबरोबर राहिला. आज अशा घरातली एखादी मुलगी चांगली खेळू लागली तर तिला धार, इंदूर, भोपाळ असा प्रवास करावा लागतो. तिचा प्रशिक्षक एकच असतो, निवड त्याच्या शब्दावर असते, जिल्ह्याच्या संघटनेचा चिटणीस त्याचा स्नेही असतो, आणि स्पर्धेचा पंच त्या दोघांच्या ओळखीचा. यात कोणाचा कट नसतो. लहान गावे अशीच असतात. परंतु त्या मुलीस काही सांगावयाचे झाले तर ती ज्याच्याकडे जाईल तो आरोपीच्या पंगतीतलाच असणार. आणि घरी सांगितले तर बहुधा एकच उत्तर मिळते: खेळ बंद. म्हणजे अपराध दुसऱ्याचा आणि खेळातून हद्दपारी तिची. आम्ही वकिलीत पाहिले आहे की, पुष्कळ खरी गाऱ्हाणी न्यायालयाच्या पायरीपर्यंत येतच नाहीत. याचे कारण भित्रेपणा नसून हिशेब असतो. बोलण्याची किंमत सोसण्याच्या किमतीहून अधिक पडते. संस्थेचे पहिले काम शिक्षा देणे नव्हे. बोलण्याची ही किंमत कमी करणे, हे तिचे पहिले काम.

ते कसे करावे? तक्रार ऐकणारे मंडळ संघटनेच्या पदाधिकाऱ्यांहून निराळे असावे, त्यात स्त्रिया असाव्यात, आणि निदान एक व्यक्ती अन्य जिल्ह्यातली किंवा बुद्धिबळाच्या जगाबाहेरची असावी. प्रत्येक स्पर्धेच्या सूचनाफलकावर, जेथे फेऱ्यांच्या जोड्या लावतात तेथेच, तक्रार कोणाकडे करावी हे नाव व दूरध्वनीसह लिहिलेले असावे. गंभीर तक्रार येताच चौकशीपुरते आरोपीस मुलांच्या सान्निध्यातून दूर ठेवावे, आणि हे दूर ठेवणे म्हणजे शिक्षा नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. चौकशी चालू असता दोघांचीही नावे गुप्त राहावीत. पण अपराध सिद्ध झाल्यावर निर्णय दडवू नये. तो दडविला म्हणजे तोच माणूस शेजारच्या राज्यात नवे शिबिर उघडतो. अपराधांत तारतम्य असावे. प्रतिस्पर्ध्यास त्रास देण्यास खेळाच्या नियमांतच मनाई आहे आणि त्यासाठी पंच पुरेसा आहे. अर्वाच्य बोलण्यास समज किंवा दंड पुरे. परंतु अधिकाराच्या आडून केलेल्या छळास तेच माप लावता येणार नाही. प्रेक्षकांवर संस्थेची सत्ता चालत नाही हे खरे. तथापि प्रक्षेपणाखालचे अभद्र शेरे काढून टाकणे, आणि समालोचकास खेळाडूच्या रूपाऐवजी खेळावर बोलावयास सांगणे हे आयोजकाच्या हातचे आहे. दिव्या देशमुखच्या तक्रारीचे एवढे उत्तर तरी देता आलेच असते. आणि अखेर, खेळाडूचे मानांकन, पदके, लोकप्रियता यांचा चौकशीत उल्लेखही होऊ नये. कीचक सेनापती होता, हे विराटाने विसरावयास हवे होते.

क्षमेचा प्रश्न उरतो, आणि आपल्या परंपरेत वाढलेल्या वाचकांच्या मनात तो येणारच. धर्मशास्त्राने पापाबरोबर प्रायश्चित्तही सांगितले, आणि प्रायश्चित्त पुरे केलेल्यास समाजाने पुन्हा पंक्तीत घ्यावे असेही सांगितले. मग कोणास जन्मभर दूर ठेवावयाचे काय? आमच्या मते, ज्याने अपराध मान्य केला, मुदत भोगली, आणि ज्याच्यापासून पुन्हा धोका नाही, त्यास पटावर परत येऊ द्यावे. खेळाडू म्हणून परतणे आणि मुलांचा प्रशिक्षक म्हणून परतणे यांत मात्र भेद राखावा. दुसरे आसन बहुधा पुन्हा मिळू नये. पण एक गोष्ट विसरता कामा नये. शिक्षेतून सूट देणे सभेच्या हाती आहे, क्षमा करणे सभेच्या हाती नाही. ती जिचा अपराध झाला तिचीच. ‘झाले ते झाले, मोठे मन करा’ असे जेव्हा पदाधिकारी एखाद्या मुलीस सांगतात, तेव्हा ते जे त्यांचे नाही ते दान करीत असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात हडफडे येथे झाला, आणि आपल्या कोकणी-मराठी घरांतली मुले ते डाव पाहत बसली. आपल्या देवळांच्या सभामंडपांतही उत्सवाच्या दिवसांत मुलांच्या स्पर्धा होतात, आणि होत राहाव्यात. त्या भरविणाऱ्या प्रत्येक समितीने, पट आणि घड्याळे मोजून घेताना, एवढे एक स्वतःस विचारावे: येथे एखाद्या मुलीस काही सांगावयाचे झाले तर ती कोणाकडे जाईल, आणि तिचे ऐकून घेतल्यावर ती उद्याची फेरी खेळू शकेल काय? या प्रश्नास उत्तर असेल तर ती सभा होय. उत्तर नसेल तर तेथे कितीही उत्तम डाव रंगोत, तो विराटाच्या दरबारातला द्यूतच समजावा.